तीन लाखांत वापरलेली गाडी: कुठली बघू, काय बघू?

मृण्मयी_धायरी
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी धायरीला राहते, आईबाबा वाईला. गेल्या वर्षी बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. एसटीची पायरी त्यांना चढवत नाही, आणि दर वेळी भाड्याची गाडी करायची तर जाऊन-येऊन चार-साडेचार हजार जातात. म्हणून गाडी घ्यायचं ठरवलंय. बजेट तीन लाख, पण सगळं धरून तीन. गाडी, विमा, नावावर करणं, सुरुवातीची डागडुजी, सगळं. कर्ज नको, फ्लॅटचे हप्ते चालूच आहेत. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर होतील, त्यात वाईच्या दोन फेऱ्या, म्हणजे खंबाटकीचा घाट आलाच.

आतापर्यंत तीन पाहिल्या:
२०१५ ची वॅगनआर व्हीएक्सआय, ६२ हजार किमी, दुसरा मालक, २ लाख ९० हजार.
२०१३ ची स्विफ्ट डिझेल, १ लाख १० हजार किमी, पहिला मालक, ३ लाख.
२०१७ ची आल्टो ८००, ३८ हजार किमी, २ लाख ४० हजार.

तिन्ही धुतल्या-पुसलेल्या, तिन्ही विकणारे गोड बोलणारे. मला गाडीतलं फक्त चालवणं कळतं, तेही ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीपुरतं. काय बघू?

चक्रधर
आल्टो. पुढचा प्रश्न?

अर्धवटराव
यातली डॉक्टरांची कुठली? मी आजवर अकरा जुन्या गाड्या पाहिल्या. सात डॉक्टरांच्या, तीन बँक मॅनेजरच्या, आणि एक 'मॅडम फक्त भाजी आणायला न्यायच्या'. महाराष्ट्रातले डॉक्टर गाड्या चालवतात की नुसत्या विकतात?

तेलकट_हात
गॅरेज आहे माझं इचलकरंजीला, बावीस वर्षं झाली. कुठली गाडी यावरून नंतर भांडा, आधी बघायला जायचं कसं ते ऐका.

सकाळी जा, आणि इंजिन गार पाहिजे असं बजावून जा. तापलेलं इंजिन शहाण्यासारखं वागतं, खोड्या गार असतानाच कळतात. पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा मागा आणि तासभर गप्पा हाणत बसा. स्टार्ट करताना नवऱ्याला सायलेन्सरमागे उभं करा. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, नमस्कार करून निघा. थंडीत पांढरी वाफ दोन मिनिटं येते, ती चालते. गाडी तापल्यावरही येतच राहिली तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या सीलचा, संशय घ्या. ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आतून दुधाळ साय धरलेली दिसली तरी तोच संशय.

ठोकलेली गाडी ओळखायला मशीन लागत नाही. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवरचा रंग पान्यानं उडालेला असला तर ते कुणीतरी खोललेत. दाराच्या चौकटीवरचं रबर ओढून आतली कड बघा. कंपनीच्या स्पॉट वेल्डचे ठिपके एका अंतरावर, एकासारखे एक असतात. आमचे तसे येत नाहीत, कितीही हात बसलेला असू दे. एखादं दार, बंपर रंगवलेलं दिसलं तर घाबरू नका, पुण्यात न घासलेली गाडी म्हणजे न चालवलेली गाडी. पण छप्पर, दारांमधले खांब आणि बॉनेटखालचे दोन लांब दांडे, यांना पुट्टी लागलेली चालत नाही.

टायरवर कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर ३८ हजार म्हणतोय आणि टायरचा तिसरा सेट चढलाय, तर कुणीतरी खोटं बोलतंय. टायर बोलत नाहीत.

तुमच्या तिन्हींपैकी वॅगनआरच्या के-सिरीज इंजिनला टायमिंग चेन आहे, म्हणजे आतल्या भागांचा मेळ राखणारी साखळी. आल्टो ८०० ला त्याजागी रबरी बेल्ट. तो कधी बदलला ते विचारा, उत्तर नाही आलं तर बदलायचा खर्च धरून चाला. स्विफ्ट डिझेल उत्तम गाडी, पण तुमच्यासाठी नाही. का ते दुसरं कुणीतरी सांगेल, गिऱ्हाईक आलंय.

वऱ्हाडी_डिझेल
काऊन नाही बाप्पा? माझी २०१२ ची डिझेल, दोन लाखाच्या वर पळाली, अजून अकोला-पुणे एका दमात जाते. खंबाटकीत पेट्रोल आल्टो चार माणसं घेऊन कशी कण्हते ते पाहा एकदा. डिझेलचा दम डिझेललेच.

साशंक
दम कबूल, हिशेब कबूल नाही. महिन्याला ६०० किमी. पेट्रोल गाडी १८ ची ॲव्हरेज देते धरा, डिझेल २२ ची. पुण्यात पेट्रोल १०४ च्या आसपास, डिझेल ९० धरा. म्हणजे डिझेलमुळे महिन्याला हजारभर रुपये वाचतात. बारा वर्षांच्या गाडीचे इंजेक्टर आणि टर्बो एकदा बसले की तीन-चार वर्षांची बचत एका बिलात जाते. तुमची गाडी रोज पळते म्हणून परवडते.

आणि एक मुद्दा कुणी काढलाच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्याच स्वस्त झाल्यात, तरी जुन्या गाड्यांचे विक्रेते अजून आधीचेच भाव सांगतायत. दहा वर्षांच्या वॅगनआरला २ लाख ९० हजार हा भाव मला पटत नाही. थोडं थांबून नवीच का घेत नाही?

मृण्मयी_धायरी
@साशंक, थांबायला माझी हरकत नाही, बाबांचे गुडघे थांबत नाहीत. पण भावाचा मुद्दा टिपून ठेवला.
@तेलकट_हात, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून पर्समध्ये ठेवलाय.

वऱ्हाडी_डिझेल
दिल्लीहून आणली तर याच पैशात याच्याहून मोठी गाडी येते. माझ्या साडभावानं आणली.

कायद्याचं_बोला
येते, आणि पाठोपाठ खर्चही येतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. तेव्हापासून तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि एजंटाचे हेलपाटे एकत्र मांडा, मग सांगा साडभावाला स्वस्त कितीत पडली ते.

वऱ्हाडी_डिझेल
तो सांगत नाही ना.

गोंयकार
आमच्याकडचीही एक गंमत सांगतो. गोव्यात स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. काही वर्षांनी त्यातल्या काही खाजगी नोंदणीत येतात, पाटी पांढरी होते, आणि 'गोव्याची गाडी, एकदम कमी रनिंग' म्हणून जाहिरात लागते. हजार पर्यटकांनी पहिल्या गियरमध्ये बोंबलवलेला क्लच पाटीबरोबर बदलत नाही. आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, कधी खाजगी झालं ते विचारा. स्वस्त म्हणून तशीच जीए पाटी पुण्यात फिरवत ठेवाल तर बारा महिन्यांपुढे महाराष्ट्रात नोंदणी करावीच लागते, टॅक्सही भरावा लागतो.

चिपळूणकरीण
हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

२२ जुलै २०२१ ला आमची गाडी अंगणातच बुडाली. पाणी ओसरलं तेव्हा स्टिअरिंगवर गाळ होता आणि मागच्या सीटवर कुणाच्या तरी घरातला पाट. विमा कंपनीने पूर्ण नुकसान धरून पैसे दिले आणि सांगाडा उचलून नेला. भंगारात गेली असेल असंच आम्ही धरून होतो.

दीड वर्षाने सहज म्हणून परिवहनच्या ॲपवर जुना नंबर टाकला. गाडी जिवंत! दुसऱ्या जिल्ह्यात, नव्या मालकाच्या नावावर, विमा चालू. पुढे शोधलं तर एका जाहिरातीत तिचा फोटो सापडला, अजून दिसत होता. चकचकीत, नवी सीट कव्हरं, आरशाला लिंबू-मिरची. खाली लिहिलेलं, 'घरगुती वापर, एकदम ओके'. घरगुतीच होती म्हणा, घरात पाणी शिरलं तेव्हा तीही होतीच.

तर गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी टोकापर्यंत. कव्हर बदलतात, सीट शाम्पूने धुतात, पण बेल्टचं गुंडाळलेलं टोक कुणी धुवत नाही. तिथे मातीची रेघ सापडते. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचा गंज बघा. डिकीतलं स्टेपनी टायर उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा. आणि काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं बसा. कुबट वास आला की उतरा. अत्तराचा वास फार आला तर आणखी लवकर उतरा. २०१९ च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरच्याही कितीतरी गाड्या अशाच 'एकदम ओके' झाल्या असतील.

तेलकट_हात
झाल्यात. दोन माझ्याकडे आल्या होत्या, वायरिंगचं काम काढून. वायरिंगचं काम त्या गाड्यांत संपत नाही, मालक संपतो. ताईंनी बेल्टचं सांगितलं ते शंभर टक्के खरं.

लीड्सकर
इकडे ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी चाचणी सक्तीची असते, आणि तिचा इतिहास सरकारी वेबसाइटवर कुणालाही फुकट दिसतो. नंबर टाका, प्रत्येक चाचणीच्या वेळचं मीटर आणि काय काय नापास झालं ते समोर. माझी गाडी घेण्याआधी मला कळलं होतं की २०१७ ला तिचा उजवा मागचा ब्रेक खराब होता. शेजाऱ्यांबद्दलसुद्धा मला इतकी माहिती नाही.

अर्धवटराव
आमच्याकडे उलट. शेजाऱ्याची सगळी माहिती असते, गाडीची नसते.

तेलकट_हात
आपल्याकडेही थोडी सोय आहे. मालकाला बरोबर घेऊन त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, नंबरवरून कधी, किती किलोमीटरला सर्व्हिस झाली ते निघतं. मालक यायला कांकू करायला लागला तर तिथंच समजून घ्या.

मृण्मयी_धायरी
अपडेट. वॅगनआरवाल्याला सर्व्हिस सेंटरला चला म्हटलं. आधी 'वेळ नाही', मग 'कॉम्प्युटर बंद असतो', शेवटी आला. सेंटरमधल्या मुलाने स्क्रीन आमच्याकडे वळवली. २०२२ च्या मे महिन्यात ९४ हजार किलोमीटरला सर्व्हिस. आज मीटर ६२ हजार.

विकणारा म्हणाला, 'मॅडम, मीटर बदललाय, जुना खराब झाला होता.' मग म्हणाला, 'आम्हीपण असाच घेतला.' हे मला खरं वाटलं, चेहराच पडला त्याचा. पण नाही घेतली.

चक्रधर
म्हणून म्हणतो आल्टो.

साशंक
चक्रधर, खंबाटकीतून रात्री आल्टोने उतरलायत कधी? २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी सोय) आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये बहुतेकदा दोन्ही नसतात. मृण्मयी, २०१७ च्या आल्टोत काय आहे ते नक्की बघा. जुन्यातही ऑप्शनल व्हेरिएंटमध्ये एअरबॅग मिळते.

मिसळीचा_कट
कुणी सीएनजी म्हणेना? कंपनी फिटेड सीएनजी वॅगनआर शोधा, खर्च निम्मा.

पंपावरचा_पाहुणा
आयुष्यही निम्मं, पंपावरच्या रांगेत. मी रांगेत आख्खं वर्तमानपत्र वाचतो, शब्दकोड्यासकट. बाहेरून किट बसवलेली घेणार असाल तर आरसीवर नोंद आहे का बघा, आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिचा दाखला मागा. आणि डिकी विसरा. बाबांना वॉकर लागत असेल तर तो मांडीवर घेऊन बसावा लागेल.

मृण्मयी_धायरी
वॉकर आहे! सीएनजी रद्द.

मिसळीचा_कट
मग ई-२० पेट्रोलचं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्याचं, काय करणार? आता पंपावर तेच मिळतं. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्याच नाहीत.

तेलकट_हात
ॲव्हरेज थोडी पडते, हे गिऱ्हाइकं सांगतात आणि मलाही दिसतं. जुन्या गाडीत पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील एकदा बघून घ्यायचे, तडे गेले असतील तर बदलायचे. मोठा खर्च नाही. पेट्रोल टाकून गाडी महिना-महिना उभी ठेवू नका.

कायद्याचं_बोला
इंजिनावर बरंच झालं, आता कागदांवर या. माझ्याकडे जी प्रकरणं येतात त्यातली निम्मी गाडीची नसतात, कागदांची असतात.

गाडी दिली, पैसे घेतले, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या आणि 'आरटीओत देऊ नंतर' म्हणून ते डॅशबोर्डमध्ये ठेवले, ही आपली राष्ट्रीय सवय. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं, की मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल. त्या गाडीची मालकी चार जणांकडून फिरली होती. भरपाईचा भार दप्तरी नाव असलेल्या पहिल्या माणसावर आला.

म्हणजे नावावर करण्याची घाई खरं तर विकणाऱ्याला हवी. ज्याला नाही, त्याच्याबद्दल मला शंका येते.

कर्जावर घेतलेली गाडी असेल तर बँकेचं नाव आरसीवरून उतरलंय का बघा. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दोन्ही लागतात. 'कर्ज फिटलंय' हे तोंडी चालत नाही. ई-चलन बाकी आहे का तेही नंबर टाकून बघा, आणि ते फेडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमा चौदा दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. आणि विकणारा 'पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे' म्हणून भाव चढवत असेल तर हसून सोडा. तो बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विमा हप्त्यातली सूट, ती माणसाची असते, गाडीची नाही. तुम्हाला ती मिळत नाही.

साशंक
पाटीचंही राहिलं. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी पाटी बसवलीये का बघा. नसेल तर महाराष्ट्रात चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. रक्कम किरकोळ आहे, पण ज्याने ती बसवली नाही त्याने आणखी काय काय टाळलंय ते कळतं.

आजीचा_बटवा
मला गाडीतलं काही कळत नाही. एक विचारते. तीन गाड्या पाहिल्यात म्हणता, बाबांना एकीत तरी बसवून पाहिलंत का? माझेही गुडघे बदललेत. खाली असलेल्या सीटवर मी पडल्यासारखी बसते आणि उठताना दोन माणसं लागतात.

मृण्मयी_धायरी
आजी, नाही बसवलं. वाचून मी पाच मिनिटं गप्प बसले.

तेलकट_हात
बावीस वर्षांत मलाही सुचलं नव्हतं. वॅगनआरची सीट उंच आहे, सरळ मागे सरकून बसता येतं. आल्टोत खाली उतरावं लागतं. स्विफ्टही खालीच. मॉडेल ठरलं म्हणायचं.

मृण्मयी_धायरी
तीन आठवड्यांनी येतेय. घेतली.

२०१६ ची वॅगनआर व्हीएक्सआय, एअरबॅगवाली, कोथरूडच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांकडून. जाहिरात नव्हतीच, ज्यांच्याकडे शिवण टाकते त्या काकूंनी सांगितलं. ७१ हजार किमी, पहिला मालक. ३ लाख सांगितले होते. साशंक यांचा जीएसटीचा मुद्दा मी काढला, काकांनी शांतपणे पेपरातलं कात्रण काढून दाखवलं, तेही तेच म्हणत होते. शेवटी २ लाख ५५ हजारांवर आले. दोन टायर २०१८ चे निघाले ते बदलले, क्लच प्लेट बदलली, विमा, नावावर करणं, सगळं मिळून २ लाख ९३ हजार. सकाळी साडेसातला गेलो तेव्हा बॉनेट गार होतं. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढला, काका बघत राहिले, मग म्हणाले, 'तुम्ही कुठल्या खात्यात आहात?' आरटीओत बरोबर यायला तेच घाई करत होते.

बाबांना वाईहून बोलावलं होतं. बसले, उतरले, परत बसले. तिसऱ्यांदा उतरायला तयार नव्हते.

काकांनी गाडीबरोबर एक वही दिली. २०१६ पासून प्रत्येक वेळी टाकलेलं पेट्रोल, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, सगळं निळ्या शाईत. सर्व्हिस लाल शाईत. मला आता एकच शंका आहे. गेल्या वर्षीच्या पानावर लाल शाईत नुसतं लिहिलंय, '६ ऑगस्ट. आवाज.' आणि खाली '१९ ऑगस्ट. आवाज गेला.' कसला आवाज ते काकांनाही आठवत नाही.

अर्धवटराव
पोस्टमास्तर! डॉक्टर नाहीत! अभिनंदन!

वऱ्हाडी_डिझेल
घाटात चढली का?

मृण्मयी_धायरी
चढली. दुसऱ्या गियरमध्ये, एसी बंद करून. मागे एक ट्रक चिडला होता.

तेलकट_हात
ऑगस्टमध्ये आला आणि आपला आपण गेला. पावसात गाडी उभी राहिली की ब्रेकला गंज धरतो, चालवली की जातो, तो असू शकतो. पण तेरा दिवस टिकला म्हणजे तो नसावा. आवाज पुढून होता का मागून, ते काकांना विचारा. आणि रिव्हर्स घेताना यायचा का.

मृण्मयी_धायरी
विचारलं. काका म्हणतात, मागून. आणि काकू आतून ओरडल्या की डिकीत नारळ राहिला होता.